आठवी बॅटरी

काम तसं साधंच होतं. बदलापूरला जायचं, बाळसाहेबांची विजेवरची छोटी गाडी ताब्यात घ्यायची आणि चालवत अंबरनाथला, बुवापाड्यात आणून लावायची. जानेवारीतला रविवार, साल दोन हजार आठ. रामभाऊ सकाळची वंदना आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्धं बूड टेकवून नवाच्या ठोक्याला बदलापूरला हजरही झाले. चाळीस वर्षं एमआयडीसीत वायरमन होता हा माणूस. पाळीला कधी एक मिनिट उशीर केला नाही. आयुष्यात एकदाच उशीर झाला त्यांना, आणि तोच नडला. त्याचं सांगतो, जरा धीर धरा.

बाळसाहेब त्यांच्याच कंपनीतले जुने अधिकारी. मुलाकडे, वरदकडे पुण्याला कायमचे निघाले होते, म्हणून गाडी काढत होते. पांढरीशुभ्र, दोन दारांची, बसल्यावर गुडघे पोटाशी यावेत एवढीशी.

"गाडी गुणाची आहे, रामभाऊ," बाळसाहेब म्हणाले. "सीटखालच्या आठ बॅटऱ्यांपैकी एक तेवढी ढिली झालीय. ती बदलून घ्या, मग बघायला नको."

मालिनीवहिनींनी चहा पुढे केला. "आणि तुमची ती जुनी पिवळी? तिचं काय केलंत?"

"भंगारात दिली, वहिनी. काल घेऊन गेले."

"अगंबाई! भागीरथीबाईंचा किती जीव होता तिच्यावर."

रामभाऊंनी चहा घशाखाली ढकलला आणि चावी उचलली.

या गाडीला आवाज म्हणून नसतो, हे आधी लक्षात घ्या. इंजिन नाही, घरघर नाही, धूर नाही. रस्ता आपणहून मागे सरकतोय आणि आपण नुसते बसून आहोत, असं वाटतं. बदलापूर ते बुवापाडा रामभाऊ तसे तरंगतच आले. दारात पायलने, त्यांच्या मुलीने, मेणबत्ती लावली, आरशाला निळी रिबीन बांधली. तेवढ्यात शेजारच्या कमळाबाई लिंबू-मिरची घेऊन हजर.

"ठेवा ती तुमच्याकडेच," रामभाऊ म्हणाले. "आमच्यात चालत नाही, माहितीय ना?"

"माहितीय हो! लिंबू-मिरची चालत नाही, आणि चार वर्षं दारात अख्खं लिंबू उभं केलं होतंत ते?" कमळाबाई हसल्या. सगळा पाडा जुन्या पिवळ्या गाडीला लिंबूच म्हणायचा.

रामभाऊही हसले. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं घर ते. भूत, भानामती, दृष्ट असलं काही त्या उंबऱ्याच्या आत येत नसे. कुठे दिवा आपोआप लागला म्हणून कोणी घाबरलं, तर रामभाऊ टेस्टर घेऊन जायचे आणि म्हणायचे, "भूत नाही रे बाबा, अर्थिंग गेलंय." म्हणून तर पुढचं सगळं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणत्या तोंडाने?

लिंबू घेतलं होतं बायकोसाठी, भागीरथीसाठी. तिला दमा. रिक्षात बसली की पुढच्या टेम्पोच्या धुराने जीव कासावीस व्हायचा, आणि दर पंधरवड्याला उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या नर्सिंग होमला जावं लागायचं. म्हणून ही बिनधुराची गाडी. सीट उचलून आठही बॅटऱ्यांत डिस्टिल्ड वॉटर भरायचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. छोटं नरसाळं, पदर खोचलेला, आणि तोंडाने चालू, "पी गं बाई, पी. तू दमलीस तर मी कुठं जाऊ?" चार नंबरची बॅटरी तिच्या सीटच्या बरोबर खाली यायची. तिच्यावर तिने निळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका दिला होता. का, तर म्हणे, "ही माझी."

त्या दिवसांत लाईट जायची ती घड्याळ लावून. दुपारी बारा ते चार. चारला लाईट आली की गाडीची चार्जिंगची पिन लावायची, हा घरातला नियम. दोन हजार सहाच्या मे महिन्यात एका दुपारी चारला लाईट आली, तेव्हा रामभाऊ विहाराच्या ओट्यावर कॅरम खेळत होते. क्वीन पडायची राहिली होती. 'हा बोर्ड झाला की जातो' म्हणता म्हणता साडेसहा वाजले. घरी आले तर भागीरथी खिडकीचे गज धरून उभी, ओठ निळे पडलेले. पायल कामावर. भागीरथीला तशीच उचलून गाडीत बसवली आणि निघाले. काटा तळाला टेकलेला त्यांनी पाहिला होता. पोचू, पोचू, असं म्हणत राहिले.

कॅम्प पाचमध्ये, जीन्स धुण्याचे कारखाने आहेत त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही, नुसती थांबली. कडेने गटारातून जीन्सचं निळं पाणी वाहत होतं. रामभाऊ रिक्षा थांबवायला धावले, परत आले. भागीरथीने डोळे न उघडता विचारलं, "पोचलो का?"

"पोचलोच," रामभाऊ म्हणाले.

एवढंच. रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. पायलला त्यांनी सांगितलं, बॅटरीने दगा दिला. पिनेचं सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. लिंबू दीड वर्ष दारात उभं राहिलं, आणि रोज सकाळी दार उघडलं की तेच समोर. शेवटी त्यांनी ठरवलं, ही गाडी नको डोळ्यांपुढे. दुसरी घेऊ, पायलला कामावर सोडू-आणू, मागचं मागे टाकू.

टाकलंही असतं. पण भंगारवाला यायच्या आदल्या रात्री त्यांनी सीट उचलली, आणि तो निळा ठिपका दिसला. बॅटरी ठणठणीत होती. हात धजेना. ती एकच काढून घेतली, आणि रविवारी दुपारी बाळसाहेबांच्या गाडीतली ढिली बॅटरी काढून त्या जागी ही बसवली. सात तिथल्या, एक हिची.

पायल पाना धरून उभी होती. "पप्पा, तुम्हीच तर सांगायचात ना सगळ्यांना? जुनी आणि नवी बॅटरी एका माळेत जोडायची नाही म्हणून?"

"हं."

"का म्हणून?"

"जुनी नव्यांना आपल्याकडे ओढते," रामभाऊ म्हणाले. "तिच्यासाठी सगळ्या झिजतात. पण ही चांगली आहे गं. चालून जाईल."

जन्मभर शिकाऊ पोरांना ज्या चुकीसाठी शिव्या घातल्या, तीच त्यांनी स्वतःच्या हाताने केली.

सोमवारी दुपारी बाराला लाईट गेली. पाड्यातले सगळे पंखे एकदम थांबतात ना, तेव्हा एक वेगळीच शांतता उतरते. एमआयडीसीकडून तो गोडसर, नाकाला चुरचुरणारा वास येतो. कुत्रीसुद्धा सावलीत पडून असतात. रामभाऊ खाटेवर आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच वाटलं, दारात गाडीचं दार लागलं, अगदी हलकेच. उठून पाहिलं तर गाडी जिथल्या तिथे.

संध्याकाळी पायलला आणायला निघाले, तर किलोमीटरचा आकडा साडेतीनने पुढे गेलेला. सकाळी पाहिलेला आकडा चांगला लक्षात होता. वायरमनची सवय, मीटर पाहिल्याशिवाय राहत नाही. 'मीटर बिघडला,' म्हणाले आणि सोडून दिलं.

मंगळवारी दुपारनंतर पुन्हा वाढलेला. पावणेचारने. बुधवारी चारने.

आता मात्र त्यांनी नीट काम सुरू केलं. चावी काढून उशीखाली ठेवली. चाकांमागे दगड लावले. वायरी तपासल्या, कुठेच गडबड नाही. शेवटी गुरुवारी, बारा वाजायच्या आधी, चारही चाकांभोवती जमिनीवर खडूने रेघ मारली. चाक बोटभर हललं तरी रेघ पुसली पाहिजे. चारला लाईट आली तसे धावत बाहेर गेले. रेघा जशाच्या तशा होत्या. आकडा सव्वाचारने वाढला होता. आणि चाकं ओली होती. रामभाऊंनी बोट लावून पाहिलं. बोटाला निळं लागलं.

ते तिथेच, खाली बसले. घर ते जीन्सची गल्ली, साडेतीन किलोमीटर. तिथून नर्सिंग होम, आणखी साडेतीन. बॅटरीच्या गाडीला एकेक किलोमीटर मोजावा लागतो, म्हणून हे अंतर त्यांना पाठ होतं. रोज ती त्या गल्लीपाशी पोचत होती, आणि रोज पाव किलोमीटर पुढे जात होती.

"भागी..." ते म्हणाले. पाड्यात कोणी ऐकलं नाही.

भीती वाटली का? वाटली तर! पण भीतीच्या खाली आणखी काही होतं, आणि, खोटं कशाला सांगू, तो आनंद होता. चाललीय, बरं का. थांबलेली नाही. कूर्मगतीने का होईना, चाललीय.

मग रोजचाच परिपाठ झाला. सकाळी नरसाळं घेऊन सीट उचलायची. सात बॅटऱ्यांत पाणी जसंच्या तसं, आणि निळ्या ठिपक्याची कोरडी. रात्रभर तहानलेली असल्यागत घटघट प्यायची. रामभाऊ ओततानाच म्हणायचे, "पी गं बाई, पी." पण बाकीच्या साती दिवसेंदिवस मरत चालल्या होत्या. काचेच्या नळीने आम्ल तपासलं की ते कळायचं. जुनी नव्यांना ओढत होती, नियमाप्रमाणे.

आणि रामभाऊंनाही दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग चपला घालताना. छातीत शिट्टी वाजायची, हुबेहूब भागीरथीच्या छातीत वाजायची तशी. पायल भडकली.

"पप्पा, हे काय चाललंय? दोन आठवड्यांत निम्मे झालात तुम्ही! त्या गाडीजवळ बसून काय बडबडता दिवसभर? कमळाबाई मला विचारतात."

"काही नाही गं."

"काही नाही काय? आई गेली, आता तुमच्यावर लक्ष ठेवायला मीच आहे ना घरात? मी उद्या माणूस बोलावून ती बॅटरी काढून टाकते."

"नको!" रामभाऊ एवढ्या जोरात ओरडले की खोकल्याची उबळच आली. पायल पाण्याचा तांब्या घेऊन धावली. पाणी प्याल्यावर ते हळूच म्हणाले, "फक्त सोमवारपर्यंत थांब. मग मीच काढतो. शपथ."

सोमवारी सात किलोमीटर पुरे होणार होते.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? बॅटरी काढली, तर ती बाई कायमची कॅम्प तीनच्या अलीकडे कुठेतरी राहणार. नाही काढली, तर हा माणूस संपणार. पाना हातात घेऊन रामभाऊ रविवारी तासभर बसले आणि पाना परत ठेवून दिला. एकदा अर्ध्यात सोडलंय तिला. दुसऱ्यांदा नाही, म्हणाले.

सोमवारी पावणेबाराला त्यांनी चाकांभोवती पुन्हा खडूने रेघ मारली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. भागीरथीची केस पेपरची पिशवी काढली, तिच्या सीटवर ठेवली. मग ठेवणं बरं दिसेना, म्हणून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. चावी घरातच होती, उशीखाली. नुसतेच स्टिअरिंगमागे बसून राहिले.

बारा वाजले. पंखे थांबले. वास आला, आणि त्या वासातून दुसरा एक, निलगिरीच्या तेलाचा. भागीरथी छातीला लावायची तो. पलीकडचं दार हलकेच उघडलं आणि लागलं. सीट किंचित खाली दबली. रामभाऊंनी मान वळवली नाही. वळवावीशी फार वाटली, पण नाही वळवली.

रस्ता मागे सरकू लागला.

कसं सांगू ते... ऊन होतं, पण सावल्या नव्हत्या. कॅम्प पाचची दुकानं उघडी होती, माणसं मात्र एकही नाही. जीन्सच्या गल्लीत दोऱ्यांवर शेकडो पॅंट्स वाळत होत्या, आणि वारा नसताना सगळ्यांचे पाय एकाच बाजूला हलत होते. चाकांखाली निळं पाणी चुळचुळलं. गल्लीचं तोंड आलं तेव्हा रामभाऊंनी श्वास रोखला. गाडी थांबली नाही. पुढे गेली. कॅम्प चार. शटरं, पाट्या, रिकाम्या रिक्षा. शेजारून श्वास ऐकू येत होता, शिट्टीचा.

"पोचलो का...?"

"नाही अजून," रामभाऊ म्हणाले. यावेळी खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. "थोडं राहिलंय. भागी, त्या दिवशी... पिन मी लावली नव्हती. कॅरम खेळत बसलो होतो."

शेजारी श्वासाची शिट्टी एकदा लांबली.

"माहितीय मला," ती म्हणाली. "मी खिडकीतून बघत होते. हाक मारायला दम नव्हता..."

रामभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नर्सिंग होमच्या पायऱ्या समोर आल्या. गाडी टेकली. "पोचलो गं," ते म्हणाले. दार उघडलं. पायऱ्यांवर चपलांचा आवाज, एक, दोन, तीन, दमून थांबून चौथी. मग वर, पायरीवरूनच, ती म्हणाली, "तुम्ही थांबताय ना?"

"थांबतो. जा तू. मी इथेच आहे."

पेशंट आत गेला की माणसाने बाहेर बाकावर थांबायचं असतं, एवढं त्यांना माहीत होतं. ते उतरले आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले.

काचेवर टकटक झाली. "पप्पा! पप्पा, दार उघडा!" पायल. आज हाफ डे टाकून आली होती. घराघरांत पंख्यांची घरघर सुरू झालेली. चार वाजले होते. गाडी बुवापाड्यात, दारातच, खडूच्या रेघांच्या आत उभी होती आणि रामभाऊ स्टिअरिंगमागे बसलेले होते. आकडा बरोबर सातने वाढला होता.

त्यांनी शब्द पाळला. त्याच संध्याकाळी सीट उचलून निळ्या ठिपक्याची बॅटरी काढली. थंडगार, हलकी, नुसतं खोकं. पायलला त्या दिवसाचं खरं सांगितलं, पिनेचं, कॅरमचं. ती रडली, चिडली, मग त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिली. रात्री रामभाऊ दीड भाकरी जेवले. छातीतली शिट्टी गेली होती. दोन जिने चढून गच्चीवरचे कपडे काढून आणले, तरी दम नाही.

अंथरुणावर पडल्यावर एकच गोष्ट त्यांच्या मनात आली. सात किलोमीटर म्हणजे जायचे. यायचे सात कुठे गेले? आणि केस पेपरची पिशवी? गाडीत नव्हती, घरात नव्हती. 'पडली असेल कुठेतरी,' म्हणाले आणि कूस बदलली.

मंगळवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. पायल कामावर गेली होती. रामभाऊंनी रिसीव्हर उचलला.

"पायलताईंचं घर का? मी कॅम्प तीनमधून, नर्सिंग होममधून सिस्टर बोलतेय. जुन्या केस पेपरवर हा नंबर मिळाला. अहो, तुमचे वडील इथे बाकावर बसलेत. काल दुपारपासून!"

"कोण?"

"तुमचे वडील हो. रात्री वॉचमनने उठवून पाहिलं, तर म्हणतात बायको आत आहे, मी थांबतो. नाव रामभाऊ सांगतात. दम लागलाय त्यांना खूप. पायलला कळवा, ती काळजी करत असेल, एवढंच सारखं म्हणतायत. आणि आत तर त्या नावाची कोणी पेशंटच नाहीये..."

समोरच्या खुंटीवर कालचा इस्त्रीचा शर्ट लटकत होता. त्याला एकही सुरकुती पडलेली नव्हती.

"सिस्टर," ते अगदी हळू म्हणाले, "त्यांना उठवू नका. बसू द्या. बायको आत आहे त्यांची."

"अहो, पण... आपण कोण बोलताय?"

तेवढ्यात बारा वाजले, आणि डोक्यावरचा पंखा थांबत थांबत थांबला. शांतता झाली. एवढ्या शांततेत माणसाला स्वतःचा श्वास तरी ऐकू येतो. रामभाऊ तो ऐकायला थांबले. बराच वेळ थांबले. घरात काहीच ऐकू येत नव्हतं. फोनमध्ये मात्र, सिस्टरच्या मागे, बाकावर बसून कोणीतरी शिट्टीचा श्वास घेत होतं.